कीबोर्ड कुणाच्या हातात? (मुली आणि टेक-करिअर)

खिडकीपाशी (धागाकर्ती)

सतरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये घासतेय. पुढच्या महिन्यात चौदा ते सतरा वर्षांच्या तीस मुलींसमोर मला दोन तास मिळणार आहेत. विषय आयोजकांनीच ठरवून टाकलाय: ‘तंत्रज्ञान क्षेत्रातल्या संधी’. कॉम्प्युटर पंधरा, म्हणजे एकावर दोघी.

मागे असंच एकदा बोलावलं होतं तेव्हा रीतसर पीपीटी करून नेली होती. एडा लवलेस, १८४३, बर्नुली संख्या यंत्राकडून काढून घ्यायची रीत तिने कशी लिहून ठेवली, वगैरे. मग ग्रेस हॉपर. मग अपोलो चांद्रमोहिमेच्या सॉफ्टवेअरवाली मार्गारेट हॅमिल्टन आणि तिच्याच उंचीच्या कागदांच्या गठ्ठ्याशेजारचा तो प्रसिद्ध फोटो. मुलींनी सभ्यपणे ऐकून घेतलं. शेवटी ‘काही विचारायचंय का?’ म्हटल्यावर बराच वेळ शांतता, आणि मग मागच्या रांगेतून एकीने विचारलं, "ताई, पण तुम्ही दिवसभर नक्की करता काय?"

मी अडखळले. मीटिंग असतात, कोड लिहितो, टेस्टिंग... असं काहीतरी पुटपुटले. चंद्रापर्यंत जाऊन आले होते, पण स्वतःच्या टेबलापर्यंत मला पोचता आलं नाही.

दुसरी गोष्ट त्यानंतरची. मुलामुलींच्या एका एकत्र कार्यशाळेत मदतनीस म्हणून गेले होते. तिथेही जोडीला एक कॉम्प्युटर. पहिल्या दहा मिनिटांनंतर सहज चक्कर मारली तर जवळपास प्रत्येक मिश्र जोडीत माउस मुलाच्या हातात आणि वही मुलीच्या. एका टेबलाशी थांबले. एक ते दहा आकडे छापायचे होते, पण स्क्रीनभर १, १, १, १ असं धो धो वाहत होतं. मुलगा घाईघाईने वाटेल ती बटणं दाबत होता. मुलीने पेन्सिलचं टोक स्क्रीनला टेकवलं आणि हळूच म्हणाली, "इथे आकडा वाढवलाच नाहीये." त्याने ओळ टाकली, प्रोग्रॅम चालला, शिकवणारे आले आणि म्हणाले, "शाब्बास रे!" तिने वहीत ती ओळ सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली.

कुणी वाईट वागलं नाही हो. मुलगाही गोड होता. पण ती घरी काय घेऊन गेली असेल?

तर या वेळी पीपीटी नेणार नाही. दोन तासांत काय करू? तुमच्याकडून ऐकायचंय. ‘छान उपक्रम’ एवढंच लिहिणार असाल तरी चालेल, पण त्याने माझं पोट भरणार नाही.

---

अर्धविराम

छान उपक्रम. (ह. घ्या., म्हणजे हलके घ्या.)

---

जुना_कीडा

पीपीटी नका नेऊ, पण इतिहास पार फेकूनही देऊ नका. ‘बघा, थोर स्त्रिया होऊन गेल्या’ हे ऐकून पोरींना वाटतं की आपल्याला आधी थोर व्हावं लागेल. त्याऐवजी हे काम आधी कुणाचं होतं आणि मग कुणाचं झालं, ती गोष्ट सांगा. ती जास्त चटपटीत आहे.

१९४६ मध्ये एनिॲक हा अजस्र कॉम्प्युटर जगाला दाखवला तेव्हा तो चालवणाऱ्या सहाही प्रोग्रॅमर बायका होत्या. केय मॅकनल्टी, बेटी जेनिंग्स, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास, रूथ लिक्टरमन. त्यांना सुरुवातीला यंत्राच्या खोलीत शिरायचीही परवानगी नव्हती. वायरिंगचे नकाशे पसरून त्यावरूनच यंत्र समजून घ्यायचं. शिकवायला कुणी नाही, पुस्तक नाही, प्रोग्रॅमिंगची भाषा तर नाहीच. प्रात्यक्षिक दणक्यात झालं. रात्रीच्या मेजवानीचं आमंत्रण मात्र या बायकांना नव्हतं. यंत्र बांधणं हे खरं काम आणि त्याच्याकडून काम करून घेणं म्हणजे कारकुनी, अशी तेव्हाची समजूत.

पुढे कळलं की कारकुनी वाटणारं हेच काम सगळ्यात अवघड आहे. मग पगार वाढले, मान वाढला, आणि माणसं निवडायच्या चाचण्या आल्या. १९६६ मध्ये कॅनन आणि पेरी या दोन मानसशास्त्रज्ञांनी सुमारे १४०० प्रोग्रॅमर तपासून ‘चांगला प्रोग्रॅमर कसा असतो’ याचं चित्र काढलं. त्यांत बायका दोनशेहूनही कमी. निष्कर्ष काय, तर यांना कोडी आवडतात आणि माणसं फारशी आवडत नाहीत. मग कंपन्या तशीच माणसं शोधायला लागल्या. शोधलं तेच सापडलं, आणि सापडलं म्हणून तेच खरं ठरलं. आजही ‘प्रोग्रॅमर’ म्हटलं की अंधाऱ्या खोलीतला हुडी घातलेला, कुणाशी न बोलणारा पोरगा डोळ्यांसमोर येतो, त्याची वंशावळ ही अशी आहे.

अमेरिकेत १९८४ च्या सुमारास कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांत ३७ टक्के मुली होत्या. २०१० च्या आसपास तो आकडा १८ टक्क्यांवर आला. याच काळात वैद्यकीय आणि कायद्याच्या शिक्षणात मुली वाढतच होत्या. ऐंशीच्या दशकात घरोघरी कॉम्प्युटर आले ते मुलांचं खेळणं म्हणून. जाहिराती तशा, आणि घरात ते ठेवले गेले ते मुलाच्या खोलीत. मग कॉलेजात पहिल्या दिवशी निम्मा वर्ग चार वर्षं खेळून आलेला आणि उरलेला कोरा. कोऱ्यांना वाटलं, आपल्याला डोकंच नाही.

---

रोखठोक

राग मानू नका, पण प्रश्न पडतो. ज्यांना आवड आहे त्या येतीलच की. कुणी अडवलंय? आवड नसलेल्यांना ओढून आणायचं, मग त्या कंटाळणार, मग ‘इंडस्ट्री वाईट’ म्हणणार. मुलांना नर्सिंगकडे वळवा असे धागे का निघत नाहीत? नैसर्गिक कल नावाची काही चीज असते की नाही?

---

अर्धविराम

@रोखठोक, नैसर्गिक कल पंचवीस वर्षांत ३७ वरून १८ वर येतो? निसर्गाला एवढी घाई नसते.

---

चौकोनी_चष्मा

आणि निसर्ग देशाच्या सीमाही पाळत नाही. मलेशियात कॉम्प्युटर सायन्सच्या वर्गात मुली निम्म्याच्या आसपास असल्याचं अभ्यासकांनी नोंदवलंय. तिथे हे काम कसं बघितलं जातं, तर ऑफिसात बसून करायचं, सुरक्षित, डोक्याचं, अंगमेहनतीचं नाही. म्हणजे बाईला शोभेलसं! काम तेच, कॉम्प्युटर तेच. फक्त त्याच्याभोवतीची गोष्ट वेगळी. (ती गोष्टही काही फार थोर नाही, ते सोडा.)

नर्सिंगबद्दल, खुशाल काढा धागा. मी पहिला प्रतिसाद देते.

---

रोखठोक

नर्सिंगचा धागा काढतो, बघाच. ३७ ते १८ चा मुद्दा मान्य, हे माहीत नव्हतं. पण ओढून आणू नये या मतावर मी ठाम आहे.

---

खिडकीपाशी

@रोखठोक, त्यावर आपलं भांडण नाहीच. तीसच्या तीस मुली कोडर झाल्या तर मीच घाबरेन. मला एवढंच हवंय की ‘मला हे आवडत नाही’ असं म्हणणारीने ते आधी एकदा हातात धरलेलं असावं. चव न घेता नावडतं ठरवलेलं चालणार नाही.

@जुना_कीडा, दंडवत. ‘शोधलं तेच सापडलं’ हे वाक्य मी चोरणार.

---

रात्रपाळी

‘दिवसभर करता काय?’ याचं उत्तर मी देते, कारण माझं तर रात्रभराचंही असतं.

मी सर्व्हर सांभाळणाऱ्या टीममध्ये आहे. ऑन-कॉल असते तेव्हा फोन उशाशी. परवा रात्री दोनला अलार्म आला. साइट हळू झालीय, लोकांचे पैसे भरले जात नाहीयेत. उठले, लॅपटॉप उघडला. पहिली पाच मिनिटं मी कशालाही हात लावत नाही, नुसती वाचते. आलेख कधीपासून चढायला लागला? दीडला. दीडला काय झालं? कुणी नवीन कोड टाकला का? नाही. मग लॉग. लॉग म्हणजे यंत्राची डायरी. ते दर क्षणाला लिहून ठेवतं की आत्ता मी हे केलं, आत्ता हे फसलं. वाचता वाचता दिसलं की ‘लिहायला जागा नाही’. डिस्क भरली होती. कशाने? त्याच डायऱ्यांनी! जुन्या लॉगची साफसफाई करणारं काम तीन आठवड्यांपूर्वी कुणीतरी तात्पुरतं थांबवलं होतं आणि परत सुरू करायचं राहून गेलं. जागा मोकळी केली, काम सुरू केलं, तीनला झोपले. सकाळी टीमला लिहून कळवलं. ‘कुणी’ थांबवलं यावर एक शब्द नाही. ‘थांबलेलं आहे हे आपल्याला तीन आठवडे कळलं का नाही’ यावर दोन पानं.

हे आमचं काम. वाचायचं, तर्क करायचा, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, आणि नीट लिहून ठेवायचं. घरात हरवलेली वस्तू शोधून देणारी जी एक व्यक्ती असते ना, ‘शेवटची कधी पाहिली होतीस?’ पासून सुरू करणारी, तिला हे काम जमतं.

पोरींना चंद्र दाखवू नका. ही डायरी दाखवा.

---

अवांतरवाला

अवांतर: तात्पुरतं थांबवलेलं काम परत सुरू करायचं राहणं, हे माझ्या आयुष्याचं सार आहे.

---

नवखी_१९

बरेच महिने नुसती वाचते इथे, आज पहिल्यांदा लिहितेय. चूकभूल सांभाळून घ्या.

मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणजे ‘आलेली’ मुलगी आहे, मला कुणी ओढून आणलं नाही. पण ताईंनी लिहिलेली ती पेन्सिलवाली मुलगी वाचून पोटात कालवलं. आमचे आतापर्यंत तीन ग्रुप प्रोजेक्ट झाले. तिन्हीत माझ्याकडे काय आलं, सांगू? रिपोर्ट, पीपीटी आणि शेवटचं प्रेझेंटेशन. "तू छान बोलतेस, तू कर ना." आणि खरंच, मी छान बोलते. शिवाय नाही म्हटलं तर वाईट दिसतं. कोडचा भाग दोघं मुलं रात्री बसून संपवतात आणि सकाळी मला समजावून सांगतात, म्हणजे मी सरांना समजावून सांगू शकेन. मार्क तिघांना सारखे. माझे तर तोंडी परीक्षेत जास्तच!

आता तिसऱ्या वर्षाला इंटर्नशिपच्या मुलाखती असतील. तिथे ‘तू काय लिहिलंस?’ विचारलं तर मी पीपीटी दाखवू का?

---

परतलेली

हे!! शंभर वेळा हे. वीस वर्षांपूर्वी मी हीच होते. नोकरीत गेल्यावर पीपीटीची जागा मिनिट्स ऑफ मीटिंगने घेतली, एवढाच फरक.

---

चौकोनी_चष्मा

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

---

रात्रपाळी

मम (माझंही तेच).

---

गणित_मास्तर

बावीस वर्षं शिकवतोय, आणि ‘पोरांनो, जोड्या करा आणि कामं वाटून घ्या’ हे वाक्य किती वेळा उच्चारलं असेल याची गणती नाही. ‘वाटून घ्या’ म्हणजे ज्याला जे येतं ते त्याने करायचं, म्हणजे ज्याला जे येत नाही ते त्याला कधीच यायचं नाही. आज तुमच्या पोस्टमुळे हे टोचलं, नवखी. पुढच्या सत्रापासून कामं मी वाटणार, आणि दर वेळी फिरवणार.

धागाकर्तीसाठी दोन गोष्टी. एक, ‘माझं गणित कच्चं आहे’ हे तिथे हमखास ऐकायला मिळेल. खोटं बोलू नका, पण पूर्ण सांगा. मशीन लर्निंगच्या खोलात जायचं तर रेषीय बीजगणित, संभाव्यता, कॅल्क्युलस सुटत नाही. ग्राफिक्सला भूमिती लागते. पण वेबसाइट, ॲप, टेस्टिंग, डेटाबेस यांत रोज लागतं ते ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांचं तर्कशास्त्र, आणि मोजताना एकाचाही फरक न पडू देणं. आकडेमोडीत कच्च्या पण युक्तिवादात पक्क्या मुली मी भरपूर पाहिल्यात. घरी वाद घालते म्हणून ओरडा खाणारी मुलगी यात चमकते.

दोन, वर्गात मी पाहतो की उत्तर चुकलं तर मुलगा खाली दुसरं लिहितो, मुलगी पान फाडते. सगळे नाही, पण बरेचदा. चकचकीत वहीची सवय मुलींना फार लवकर लागते आणि तिचं कौतुकही फार होतं. प्रोग्रॅमिंगमध्ये तर दर दोन मिनिटांनी लाल अक्षरं येतात. म्हणून त्यांना बनवायला काही देऊच नका. चालणारा प्रोग्रॅम द्या आणि तो मोडायला सांगा. जी सगळ्यात विचित्र पद्धतीने मोडेल ती जिंकली.

---

खिडकीपाशी

मास्तर!! हे करणार. डन.

---

जुना_कीडा

नवखीच्या पोस्टवरून आठवलं. राडिया पर्लमन, जिच्या १९८५ च्या स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉलमुळे नेटवर्कमधली डेटाची पाकिटं गोल गोल फिरत बसत नाहीत, तिने एका मुलाखतीत सांगितलं होतं की प्रोग्रॅमिंगच्या तिच्या पहिल्या वर्गात बाकीची मुलं लहानपणी हॅम रेडिओ बांधल्याच्या गप्पा मारत होती आणि हिला ‘इनपुट’ या शब्दाचा अर्थही ठाऊक नव्हता. त्या वर्गातून तिच्या हाती काहीच लागलं नाही. पुढचं सगळं नंतरचं.

कार्नेगी मेलन विद्यापीठाने नेमकी हीच गाठ सोडवली. १९९५ मध्ये तिथे कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेणाऱ्यांत मुली ७ टक्के होत्या. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी मुलामुलींशी वर्षानुवर्षं बोलून कारणं शोधली. मग प्रवेश देताना ‘आधी किती प्रोग्रॅमिंग केलंय’ याचं वजन कमी केलं, आणि पहिल्या वर्षी आधीच्या अनुभवाप्रमाणे वेगवेगळे वर्ग लावले, म्हणजे कोरी मुलं कोऱ्यांबरोबर शिकतील आणि खेळून आलेल्यांच्या फुशारक्या ऐकून खचणार नाहीत. २००० साली तोच आकडा ४२ टक्के. मुलींना कुणी भाषणं दिली नाहीत. बदललं ते दार.

---

परतलेली

दाराबद्दल बोललात, मी खिडकीबद्दल बोलते. आत येतात तितक्याच सहज बाहेर पडतात.

मी पाच वर्षं घरी होते. परत यायचं ठरवलं तेव्हा एका मुलाखतीत (कंपनीचं नाव सोडा) पहिला प्रश्न आला, "बाळ आजारी पडलं तर कोण बघणार?" दुसरा प्रश्न आलाच नाही. घरी येऊन रडले नाही, खोटं कशाला सांगू, भांडी आपटली. मग सहा महिने रोज रात्री दीड तास. गिटच्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाच्या) कमांड विसरले होते, पहिल्याच आठवड्यात माझाच कोड माझ्याच हाताने पुसून टाकला. मुलाच्या लसीकरणाच्या तारखा आठवून देणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, कारण मला तोच हवा होता. पुढच्या मुलाखतीत तासभर त्याच्यावरच बोलणं झालं. तारखा लीप वर्षात कशा चुकत होत्या इथपर्यंत. नोकरी मिळाली.

स्टेफनी शर्ली या बाईंबद्दल नंतर वाचलं. १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये त्यांनी सॉफ्टवेअर कंपनी काढली ती मुलांसाठी नोकरी सोडलेल्या प्रोग्रॅमर बायकांना घरून काम देण्यासाठी. घरून काम, साठ वर्षांपूर्वी! कामासाठी पत्रं लिहिली की उत्तरच यायचं नाही, तेव्हा नवऱ्याच्या सांगण्यावरून ‘स्टीव्ह’ अशी सही करायला लागल्या. मग उत्तरं यायला लागली. कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग या घरी बसलेल्या बायकांनी केलं. पहिल्या ३०० कर्मचाऱ्यांत पुरुष फक्त तीन. शेवटी १९७५ च्या स्त्री-पुरुष समानतेच्या कायद्यामुळे त्यांना पुरुषांना घेणं भाग पडलं, ही गंमत वेगळीच.

त्या मुलींना हेही सांगा की मध्ये थांबलं तरी परत येता येतं. कुणीतरी मला ते विसाव्या वर्षी सांगायला हवं होतं.

---

चौकोनी_चष्मा

मी डिझाइन आणि युजर रिसर्च करते. माझा मुद्दा, नुसतं ‘कोडिंग, कोडिंग’ करू नका. सिक्युरिटी आहे, डेटा आहे, चिप डिझाइन आहे, टेस्टिंग आहे. लिन कॉन्वेने चिपचं डिझाइन असं सोपं करून मांडलं की विद्यार्थ्यांना स्वतःच्या चिप आखता यायला लागल्या.

शिवाय कोण बनवतं यावर काय बनतं ते ठरतं. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहरा बघून स्त्री की पुरुष ओळखणाऱ्या तीन प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुका १ टक्क्याहून कमी, सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत सगळ्यात वाईट प्रणालीत जवळजवळ ३५ टक्के. बनवणाऱ्यांच्या मनात पाप नव्हतं. तपासताना समोर कुणाचे चेहरे ठेवावेत, हे कुणाला सुचलंच नव्हतं.

---

रात्रपाळी

@चौकोनी_चष्मा, सगळं मान्य, पण दोन ठिकाणी जीभ चावावीशी वाटते.

एक, ‘कोडिंगच नाही, बाकीही खूप आहे’ हे मुलींनाच का सांगतो आपण? मुलांच्या गटाला कुणी म्हणतं का की काळजी करू नका, टेस्टिंगही आहे? ज्या आवडीने डिझाइनला जातात त्यांना सलाम. पण ‘तुला माणसांशी छान बोलता येतं, तू मॅनेजमेंटकडे जा’ असं म्हणून चांगल्या इंजिनिअर पोरी कोडपासून बाजूला काढलेल्या मी पाहिल्यात. नवखीच्या पीपीटीचीच मोठी बहीण ती.

दोन, ‘तुम्ही आलात तर क्षेत्र सुधारेल’ हे ओझं त्यांच्या डोक्यावर नको. पंधरा वर्षांच्या पोरीने इंडस्ट्री का सुधारायची? मजा येते म्हणून यावं. पगार बरा म्हणून यावं. मी त्याचसाठी आले.

---

चौकोनी_चष्मा

पहिला मुद्दा लागला. दुसराही. गप्प बसते. (तात्पुरती.)

---

अवांतरवाला

आता सगळं एआयच लिहिणार म्हणतात. पोरींना दार उघडून देताय आणि आत घर पाडायचं काम चालू आहे, असं नको व्हायला.

---

जुना_कीडा

१९५२ मध्ये ग्रेस हॉपरने ए-झिरो हा कंपायलर चालवून दाखवला, म्हणजे यंत्रच यंत्रासाठी प्रोग्रॅम जुळवतंय. लोकांचा विश्वास बसेना. त्या काळी त्याला ‘ऑटोमॅटिक प्रोग्रॅमिंग’च म्हणायचे. त्यानंतर प्रोग्रॅमर वाढले की कमी झाले ते आपण बघतोच आहोत. या वेळी तसंच होईल असं मी छातीठोकपणे नाही म्हणणार, भविष्य सांगणारे दुसरे खूप आहेत. पण एआयने लिहिलेले दोनशे ओळींचे कोड मी रोज तपासतो. ते वाचून ‘इथे आकडा वाढवलाच नाहीये’ म्हणणारी पेन्सिल मला जास्तच लागायला लागलीय.

---

अर्धविराम

‘मला जास्तच लागायला लागलीय’. हे वाक्य संदर्भ काढून कुणी वाचलं तर भलतंच होईल. ह. घ्या.

---

खिडकीपाशी (पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतेय. झालं एकदाचं.

पंधरापैकी तेरा कॉम्प्युटर सुरू झाले. मी सुरुवातीला बरोब्बर सहा मिनिटं बोलले. रात्रपाळीची भरलेली डिस्क सांगितली (नाव न घेता). ‘त्याच डायऱ्यांनी!’ला हशा. मग मास्तरांचा मंत्र: चेंडू भिंतींवर आपटून परत येतो एवढाच एक छोटा खेळ दिला आणि सांगितलं, मोडा.

नियम एकच. दर दहा मिनिटांनी घंटी, घंटीला कीबोर्ड दुसरीकडे. जिच्याकडे कीबोर्ड नाही तिने फक्त बोलायचं, बोट लावायचं नाही. तिघींच्या गटांतही तेच. तुम्हाला सांगते, फक्त मुलीच असूनसुद्धा हा नियम लागला! दर टेबलावर एक जण चटकन ओढून घेणारी होतीच. पहिल्या दोन घंट्यांना कुरकुर, तिसरीला माझ्याआधी त्याच ओरडल्या.

एका जोडीने चेंडूचा वेग वाढवत नेला. पाच, दहा, पन्नास. पन्नासला चेंडू भिंतीतून आरपार गायब. "ताई, भिंत मोडली!" मी धावत गेले आणि उत्तर ओठांवर आलेलं गिळलं. अक्षरशः जीभ दातांखाली. "भिंत मोडली की चेंडूने ती बघितलीच नाही?" एवढंच विचारलं आणि निघून गेले. लांबून बघत होते. एकीने वहीचं मागचं पान काढलं, भिंतीची जाडी वीस चौकोन आखली आणि चेंडूचे ठिपके काढायला लागली. दहाच्या उडीने एक ठिपका भिंतीत पडतो. पन्नासच्या उडीने एक ठिपका अलीकडे, पुढचा थेट पलीकडे. खेळ दर पावलाला विचारतो, ‘चेंडू भिंतीत आहे का?’ आणि तो कधीच भिंतीत नसतो! तिने वर बघितलं तेव्हाचा चेहरा... असो. गेम बनवणारे या चुकीला टनेलिंग म्हणतात, हे मी तिला त्यानंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर तिने ते वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं असतं.

चार-पाच जणी स्पष्ट कंटाळल्या. एकीने सांगितलं, "मला नाही आवडलं, मी प्राण्यांची डॉक्टर होणार." चालेल की! @रोखठोक, हे तुमच्यासाठी.

---

रोखठोक

पोचलं. प्राण्यांच्या डॉक्टरांना शुभेच्छा. आणि चेंडूचं गणित मला स्वतःला कळायला दोनदा वाचावं लागलं, हेही कबूल करतो.

---

गणित_मास्तर

वहीचं मागचं पान! तिथेच खरं गणित होतं, पुढची पानं तपासणीसाठी असतात.

---

नवखी_१९

ताई, खूप भारी. माझीही एक बातमी. या सत्राच्या प्रोजेक्टला पीपीटी करणार नाही म्हणून सांगितलं. पार्टनर दोन मिनिटं गप्प, मग म्हणाला, "बरं, मग मला शिकव पीपीटी कशी करायची." मी डेटा वाचून त्याची यादी करायचा भाग घेतलाय. पण आत्ता अडकलेय. पायथॉनमध्ये एरर येतोय, ‘लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज’. फाइलमध्ये साठ नावं आहेत, साठही छापली जातात आणि मग हा येतो. दोन तास झाले. उद्या पार्टनरला दाखवायचंय. प्लीज.

---

रोखठोक

एवढंच ना? सोपं आहे. हा घे पूर्ण कोड, कॉपी-पेस्ट कर, धावेल:
(प्रतिसाद संपादित)

---

रात्रपाळी

रोखठोक!!! कीबोर्ड ओढलात!

---

परतलेली

पंधरा सेकंदांत ओढला. विक्रम.

---

रोखठोक

अरे देवा. काढून टाकला. खरंच हात आपोआप गेला, काय करू? नवखी, वाचलं असशील तर विसरून जा. मी विचारतो. तुझा लूप कुठल्या आकड्यापासून कुठल्या आकड्यापर्यंत जातो?

---

नवखी_१९

नाही वाचला, पान उघडेपर्यंत गेला होता :)

० ते ६०. शून्यापासून कारण यादी शून्यापासून मोजतात ना.

---

रोखठोक

बरोबर. मग आता बोटांवर मोज. शून्यापासून सुरू केलं तर साठावं नाव कितव्या नंबरवर?

---

नवखी_१९

एकोणसाठ!! म्हणजे ६० नंबरवर काहीच नाही आणि मी तिथे हात घालतेय. साठही नावं नीट छापून मग एकसष्टाव्या फेरीत मरतोय तो. म्हणून!

थांबा, बदलून बघते.

...

गेला एरर! पण आता दुसराच आलाय.

---

रोखठोक

शेवटची ओळ वाचून दाखव.